पटावरची फौज आणि रणावरची फौज

ऐतिहासिक लढाई पटावर मांडणारा माणूस सर्वांत आधी एक यादी तयार करतो: कोणत्या बाजूला किती पायदळ, किती घोडदळ, किती तोफा, आणि त्यांचा दर्जा काय. नियमांची पुस्तिका त्यानंतर येते आणि फासे त्याहूनही नंतर. ही यादी करणे अनेकांना कारकुनी काम वाटते, पण माझ्या मते सगळ्या खेळातले सर्वांत जबाबदारीचे काम तेच आहे, कारण लढाई कोणी का जिंकली आणि कोणी का गमावली, याचे उत्तर बहुतांशी त्या यादीतच ठरून जाते. यादी चुकली, तर पुढचे नियम कितीही बारकाईने लिहिलेले असोत, खेळणारा वेगळीच लढाई खेळतो आणि तिला इतिहासाचे नाव देऊन उठतो. म्हणून ज्या सिनॅरिओवर, म्हणजे पटावर खेळायच्या लढाईच्या मांडणीवर, प्रत्यक्ष घडलेल्या लढाईचे नाव आणि तारीख छापलेली आहे, त्यातले सैन्य त्या दिवशीचेच असले पाहिजे, अशी माझी ठाम भूमिका आहे. सामना चुरशीचा करायचा असेल तर जिंकण्या-हरण्याच्या अटी बदलाव्यात, फौज बदलू नये.

14 जानेवारी 1761 ची पानिपतची लढाई घेऊ. या लढाईच्या सैन्यबळाचे जे आकडे जगभर फिरतात, ते मुख्यतः काशिराज पंडिताच्या हकीकतीतून आलेले आहेत. काशिराज अवधचा नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, लढाईच्या वेळी तो विरुद्ध छावणीत हजर होता, आणि त्याने आपली फारसी हकीकत 1780 च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी लिहिली. तिचे इंग्रजी भाषांतर लवकर झाल्यामुळे युरोपातल्या वाचकांना पानिपत प्रथम कळले ते याच डोळ्यांनी. त्याच्या हिशेबाने मराठ्यांकडे 55 हजार घोडेस्वार, 15 हजार पायदळ आणि 200 तोफा होत्या, तर अब्दाली आणि त्याच्या हिंदुस्थानातील मित्रांकडे सुमारे 42 हजार घोडेस्वार आणि 38 हजार पायदळ होते. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी साधनांची छाननी करून जो अंदाज मांडला, त्यात मराठ्यांचे लढाऊ बळ 45 हजारांच्या आसपास आणि अब्दालीच्या बाजूचे 60 हजारांच्या आसपास येते.

या दोन हिशेबांतला फरक निव्वळ बेरजेचा नाही. पहिली यादी पटावर मांडली तर मराठ्यांच्या बाजूने खेळणाऱ्याच्या हाती प्रतिपक्षाहून मोठे घोडदळ येते आणि डाव हरल्यावर तो साहजिकच असा निष्कर्ष काढतो की, इतके घोडदळ हाताशी असताना सदाशिवरावभाऊंना ते वापरता आले नाही. दुसरी यादी मांडली तर तोच खेळाडू पहिल्या चालीपासून कमी बळावर खेळत असतो आणि दुपारपर्यंत तग धरता आला हेच त्याला विशेष वाटते. एकाच लढाईविषयी परस्परविरोधी असे हे दोन निवाडे आहेत, आणि ते नियमांनी दिलेले नसून यादीने दिलेले आहेत. सिनॅरिओ रचणाऱ्याने आपण कोणता निवाडा देत आहोत हे जाणून यादी करावी, इतकी अपेक्षा अवाजवी नाही.

तरीही एकूण बेरीज हा प्रश्नाचा सोपा भाग झाला. खरी अडचण अशी की, फौज मोहिमेवर निघाली तेव्हा होती तशी ती लढाईच्या सकाळी नसते. मराठ्यांनी ऑक्टोबर 1760 मध्ये कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला तेव्हाची फौज आणि जानेवारीच्या मध्याला पानिपतच्या खंदकाबाहेर पडलेली फौज यांत फार मोठे अंतर आहे. मधल्या जवळजवळ तीन महिन्यांत रसद तुटली, दाणावैरण संपली, जनावरे हजारोंनी मेली, आणि उरलेल्या घोड्यांत दौड करण्याचे त्राण राहिले नाही. कित्येक स्वारांना त्या दिवशी पायउतार होऊनच लढावे लागले. बळवंतराव मेहेंदळे डिसेंबरातल्याच एका झटापटीत कामी आले होते. अब्दालीची रसद मारण्याचे काम करणारे गोविंदपंत बुंदेलेही त्याच महिन्यात मारले गेले. असे असताना मोहिमेच्या याद्यांवरून सरसकट उतरवलेल्या सिनॅरिओत बळवंतरावांचे पथक त्यांच्या नावानिशी 14 जानेवारीला मैदानात उभे राहू शकते, आणि तसे झाले की मेलेला सरदार त्या पटावर हल्ला चढवतो.

अशा पटावरची एखादी सोंगटी हातात घेऊन नीट पाहावी. पुठ्ठ्याच्या चौकोनावर भरधाव घोड्याचे चित्र असते, खाली हल्ल्याचा आकडा आणि शेजारी चालीचा आकडा असतो. तो चालीचा आकडा मराठ्यांच्या घोडदळाच्या लौकिकावरून ठरवलेला असतो, म्हणून तो मोठा असतो. पण लौकिक ज्या घोड्यांनी मिळवला ते घोडे दाणा खाल्लेले होते. पानिपतच्या त्या सकाळी हा आकडा निम्म्यावर आणला पाहिजे, आणि काही सोंगट्यांवरचे घोड्याचे चित्र काढून तिथे पायी उभा असलेला शिलेदार दाखवला पाहिजे. हे केले की मराठ्यांच्या बाजूने खेळणाऱ्याला बगलेवरून मोठा वळसा घालण्याची चाल सुचणारच नाही, कारण ती त्याच्या आवाक्यात नसेल. आणि भाऊंनी ती का केली नाही, हा प्रश्न ज्यांना आजवर पडत आला आहे त्यांना त्याचे उत्तर पटावरच मिळेल.

कागदावरची फौज आणि प्रत्यक्षातली फौज यांतले अंतर मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेत मुळातच होते, हेही विसरता येत नाही. अमुक इतके स्वार बाळगण्याच्या बोलीवर सरदाराला सरंजाम मिळे, आणि तितके स्वार तो खरोखर घेऊन येतो की नाही हे पाहण्यासाठी गणती घेण्याची पद्धत होती. अशी गणती घ्यावी लागत होती यातच सरंजामाच्या आकड्यावर किती विसंबावे याचे उत्तर आहे. शिवाय खुद्द पेशव्यांच्या हुजुरातीचे स्वार, सरकारी पागेतले बारगीर, स्वतःचा घोडा आणणारे शिलेदार आणि लुटीच्या आशेने मागून येणारे पेंढारी हे सगळे एका ‘मराठा हलके घोडदळ’ या नावाखाली एकाच दर्जाचे दाखवणे म्हणजे त्या फौजेची रचनाच पुसून टाकणे होय. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची रोजी बुडत असे. तो घोडा बेफिकिरीने अंगावर घालणार नाही, हे त्याच्या लढण्याच्या रीतीत उतरलेले होते, आणि पागेतल्या बारगिराला हा हिशेब लागू नव्हता.

पानिपतच्या दोन्ही बाजूंत कोण होते, याबद्दलही यादी प्रामाणिक असली पाहिजे. इब्राहिमखान गारद्याचे आठ-नऊ हजार कवायती पायदळ हे मराठ्यांच्या फौजेतले सर्वांत शिस्तबद्ध अंग होते, आणि ते चालवणारा सेनापती मुसलमान होता. पलीकडे शुजाउद्दौल्याच्या तुकडीत अनूपगीर आणि उमरावगीर यांचे गोसावी लढत होते. पटाच्या एका बाजूला भगवा आणि दुसऱ्या बाजूला हिरवा रंग भरून ही लढाई दोन धर्मांची म्हणून मांडणे दिसायला सुटसुटीत असते. पण ज्या यादीत गारदी आणि गोसावी आपापल्या खऱ्या जागी आहेत, तिला ते दोन रंग पुरत नाहीत. इतिहासाची ओढाताण करणाऱ्यांना आज असे सुटसुटीत पट हवेच आहेत, म्हणून रचनाकाराने इथे अधिक जागे राहावे असे मला कळकळीने वाटते.

गारदी आणि घोडदळ यांचे परस्परांशी असलेले नाते हाही सैन्यरचनेचाच भाग आहे. गारद्यांनी सकाळी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांची फळी खिळखिळी केली, पण विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांच्या स्वारांनी अवेळी मुसंडी मारली, त्यामुळे गारद्यांच्या माऱ्याला अडथळा झाला आणि ते स्वार मागे रेटले गेल्यावर गारद्यांची बाजू उघडी पडली, अशी हकीकत मिळते. एकाच सैन्यात दोन युद्धपद्धती नांदत होत्या आणि त्यांचा एकत्र सराव झालेला नव्हता, असा याचा अर्थ. सिनॅरिओत जर मराठ्यांच्या बाजूने खेळणारा एकच माणूस पायदळ आणि घोडदळ दोन्ही घड्याळाच्या काट्यासारखे चालवू शकत असेल, तर संख्या अचूक असूनही रचना खोटीच राहते. माझ्या मते अशा पटावर मराठ्यांची बाजू दोघातिघांनी मिळून खेळावी आणि त्यांना चाली आपसात ठरवण्याची मुभा नसावी.

अब्दालीने दुपारी आपली राखीव फौज रणात उतरवली आणि पळणाऱ्या सैनिकांना नसकचींकरवी, म्हणजे शिस्त राखणाऱ्या शिपायांकरवी, मारून-झोडून परत फिरवले, हे सर्वज्ञात आहे. त्या घटकेपर्यंत त्याचा वजीर शाहवलीखान मधल्या फळीत जेरीस आलेला होता. भाऊंपाशी त्या वेळी घालण्यासारखी ताजी तुकडी उरली नव्हती. जी यादी दोन्ही बाजूंची सगळी पथके पहिल्याच चालीला पटावर उतरवते, ती हा निर्णायक फरक नाहीसा करते.

सैन्याच्या यादीत जे कधीच दिसत नाहीत ते म्हणजे बुणगे. यात्रेकरू, बायकामुले, बाजारकरी, भोई, खिजमतगार अशी ही माणसे काही अंदाजांनुसार लाखाहून अधिक होती. मराठी समाजाने पानिपतची आठवण सव्वा लाख बांगडी फुटली अशा शब्दांत जपली, पण तो आकडा शोकाचा आहे. लढवय्यांच्या संख्येत त्याचे रूपांतर करणे चूक आहे, आणि ही माणसे लढणारी नव्हती म्हणून त्यांना पटावरून वगळणे ही दुसरी चूक. त्या दिवशी भाऊंचा हेतू अब्दालीचा समूळ नाश करण्याचा नसून गोल बांधून, बुणग्यांना मध्ये घेऊन, यमुनेच्या रोखाने वाट काढण्याचा होता, असे मानणारा भक्कम मतप्रवाह आहे. तो मानला तर मराठ्यांच्या प्रत्येक चालीचा वेग बुणग्यांच्या पावलांनी ठरतो. लढाऊ नसलेला हा जमाव म्हणूनच सैन्यरचनेचा सर्वांत वजनदार घटक ठरतो.

पानिपतवर मी मुद्दाम रेंगाळलो, कारण तिथे साधने विपुल आहेत आणि मतभेदही. असईच्या लढाईत याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनजवळ, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या एकत्र फौजेवर हल्ला केला. इंग्रजी युद्धखेळांच्या जगात ही लढाई फार आवडीची आहे, आणि तिथे ती बहुधा मूठभर शिस्तबद्ध इंग्रज विरुद्ध एतद्देशीयांचा अवाढव्य जमाव अशा रंगात रंगवली जाते. प्रत्यक्षात वेलस्लीच्या रांगेत गोऱ्या पायदळाच्या दोनच पलटणी होत्या, 74 वी आणि 78 वी, दोन्ही स्कॉटिश. बाकी पाच पलटणी मद्रासच्या देशी शिपायांच्या होत्या. घोडदळात 19 वी ड्रॅगून्स सोडली तर उरलेल्या तीन पलटणी मद्रासच्याच होत्या, आणि शिवाय म्हैसूरचे व पेशव्यांच्या बाजूचे मराठे स्वार त्याच्या दिमतीला होते. हे शिपाई बाजूला सारून पटावर नुसते तांबडे डगले मांडणे ही सरळसरळ चूक आहे.

समोर शिंद्यांच्या बाजूला त्यांच्या चाकरीतला युरोपीय अधिकारी पोलमन याच्या हाताखाली सुमारे 10 हजार कवायती पायदळ आणि शंभराच्या आसपास तोफा होत्या. या कंपूंतले, म्हणजे कवायती पलटणींच्या तुकड्यांतले, बहुतेक शिपाई उत्तर हिंदुस्थानातले होते, आणि सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही त्यांत होत्या. वेलस्लीने पिंपळगाव आणि वरूड या गावांमधल्या उतारावरून केळणा नदी ओलांडून बगल गाठली, तेव्हा या पायदळाने आपली संपूर्ण फळी काटकोनात वळवून त्याच्यासमोर पुन्हा उभी केली. शत्रू अंगावर येत असताना हजारो माणसांची रांग न मोडता अशी वळवणे हे केवळ कसलेल्या पायदळाचे काम आहे. त्यांच्या तोफांनी वेलस्लीचे तोफखान्याचे बैल आणि गोलंदाज टिपून त्याच्या तोफा लवकरच निकामी केल्या. 74 वी पलटण वाट चुकून असई गावाच्या रोखाने गेली आणि तिची चारशेच्या घरात माणसे मेली किंवा जायबंदी झाली. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी उभे राहून मेले. एवढे सगळे घडलेले असताना ज्या यादीत शिंद्यांच्या कंपूला ‘निकृष्ट’ असा शेरा मारलेला असतो, त्या यादीने वळण्याची ती एकच चाल खेळून दाखवावी. निकृष्ट पायदळासाठी लिहिलेले नियम ती चाल करूच देणार नाहीत.

या फौजेचा खरा दुबळेपणा कुठे होता, हेही त्याच प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. गव्हर्नर जनरलच्या जाहीरनाम्यामुळे शिंद्यांच्या चाकरीतले अनेक इंग्रज वंशाचे अधिकारी लढाईआधीच सोडून गेले होते. बाजूला उभ्या असलेल्या 30 ते 40 हजार स्वारांनी लढाईत जवळपास भाग घेतला नाही, आणि दोन्ही सत्ताधीश निकाल लागण्याआधीच मैदानातून निघाले. म्हणजे शिपाई आणि गोलंदाज उत्तम, पण त्यांच्यावरचे नेतृत्व पोकळ, अशी ती रचना होती. रचनाकाराने शिपायांचा दर्जा कमी करून इंग्रजांना जिंकवणे आणि नेतृत्वाचा दर्जा कमी करून त्यांना जिंकवणे, या दोन्हींचा निकाल एकच लागतो. पहिल्यात मात्र त्या गोलंदाजांवर अन्याय होतो, आणि ज्यांनी त्यांना वाऱ्यावर सोडले त्यांच्यावरचा ठपका आपोआप पुसला जातो.

हत्तींचा प्रश्न लवकर मिटण्यासारखा आहे. हिंदुस्थानी फौज म्हटली की एखादी हत्तीची सोंगटी द्यायचीच, ही सवय संगणकावरच्या खेळांतही आहे. अठराव्या शतकातल्या मराठा फौजांत हत्ती होते ते मुख्यतः सरदारांच्या स्वारीसाठी, निशाणासाठी आणि ओझ्यासाठी. फळी फोडायला सोडण्याचे हत्ती त्यांत मांडू नयेत.

या भूमिकेवर घेतला जाणारा मोठा आक्षेप असा की, खेळ हा दोघांना जिंकण्याची संधी देणारा असावा लागतो, आणि इतिहासातल्या लढाया तशा क्वचितच होत्या. स्पर्धांसाठी दोन्ही बाजूंना सारखे गुण देऊन त्यांतून फौजा विकत घ्यायला लावण्याची पद्धत याच गरजेतून आली, आणि स्पर्धेपुरती ती मला मान्य आहे. तिथे कोणी पानिपत खेळल्याचा दावा करत नाही. पण नावानिशी लढाई मांडताना बरोबरी साधण्याचे अन्य मार्ग मोकळे आहेत. 1824 मध्ये प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांपुढे रायस्विट्झने आपला युद्धखेळ मांडला, त्यात पंच असत, आणि प्रत्येक बाजूला प्रत्यक्ष रणावर जेवढे कळले असते तेवढेच सांगितले जाई. फौजा सारख्या असल्याच पाहिजेत असा दंडक तिथे नव्हता, कारण कमी बळावर काय करता येईल हे शिकणे हाच त्याचा हेतू होता. विजयाची अट प्रत्येक बाजूला वेगळी ठेवली की विषम फौजांचा डावही शेवटच्या चालीपर्यंत रंगतो.

दुसरा आक्षेप साधनांच्या अनिश्चिततेचा आहे. आकडे जर इतके मतभेदाचे असतील, तर अचूकतेचा आग्रह कशाला, असे विचारले जाते. मला हा युक्तिवाद उलटा वाटतो. जिथे मतभेद आहेत तिथे रचनाकाराने आपण कोणता अंदाज धरला आणि का धरला, हे पुस्तिकेत पानभर लिहावे, आणि शक्य असेल तर दोन पर्यायी याद्या द्याव्यात: एक काशिराजाची, एक सरकारांची. एकाच पटावर दोन्ही खेळून पाहिल्या म्हणजे कोणत्या यादीने लढाई घडली तशी घडते, हे काही प्रमाणात तपासताही येते. बखरीतले आकडे आणि पत्रांतले आकडे यांत पत्रांना झुकते माप द्यावे, हे तर आपल्याकडच्या अभ्यासकांनी केव्हाच सांगून ठेवले आहे. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात पानिपतपूर्व काळातला पत्रव्यवहार आहे. कोणत्या पथकाची स्थिती काय, पैसा कुठे अडकला, दाण्याचा भाव कुठवर चढला, हे अशा पत्रांतून कळते. परदेशी रचनाकारांना ही पत्रे वाचता येत नाहीत, याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्यांना ती वाचता येतात अशा मराठी खेळाडूंनी आणि अभ्यासकांनी त्यांतून दिनांकवार सैन्ययाद्या तयार कराव्यात, हे काम आपल्या वाट्याचे आहे आणि ते आपण अजून पुरेसे केलेले नाही.

कल्पित पर्यायांना माझा विरोध नाही. भरतपूरचा सूरजमल जाट शेवटपर्यंत सोबत राहिला असता तर, गोविंदपंत जिवंत असते तर, दिल्लीहून निघालेला खजिना छावणीत पोहोचला असता तर, हे सगळे डाव खेळण्यासारखे आहेत. मात्र प्रत्येकावर तो कल्पित असल्याचे स्पष्ट लिहावे आणि मूळ डाव वेगळा ठेवावा. त्या मूळ डावात मराठ्यांच्या बाजूने खेळणाऱ्यासाठी विजयाची अट मी अशी ठेवीन: संध्याकाळपर्यंत बुणग्यांच्या निम्म्याहून अधिक सोंगट्या पटाच्या यमुनेकडच्या कडेबाहेर पोहोचल्या पाहिजेत, मग रणात फौज किती उरली हे मोजू नये, आणि अब्दालीच्या बाजूने खेळणाऱ्याने आपली राखीव फौज जितकी उशिरा उतरवली असेल तितके त्याला अधिक गुण मिळावेत.